कारण अज्ञात

घोडनदी,
ता. १२ ऑगस्ट १९६३

सत्तारला भाईची दुआ.

तुझा लेख वाचला. तू पाठवला नव्हतास, त्यामुळं वाचायला उशीर झाला. मासिकाचा हा अंक वडगाव रासाईच्या न्हाव्याच्या दुकानातून फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आहे. पानांच्या कोपऱ्यांना साबण लागलेला आहे, म्हणजे माझ्याआधी पुष्कळांनी वाचला.

'गुरांच्या बाजारातील दर्शनी व वास्तविक किंमत : एक संख्याशास्त्रीय अभ्यास.' नाव भारदस्त आहे. आपले अब्बा याच गोष्टीला तोंडचा भाव आणि बोटांचा भाव म्हणायचे. त्यांना डॉक्टर म्हणायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

लेखात एक आकृती आहे. पुष्कळ ठिपके आणि त्यांच्यामधून गेलेली एक तिरपी रेघ. तुझ्या भाभीनं, हमीदानं, विचारलं, हे काय? मी म्हटलं, माशा बसल्यात आणि सत्तारनं त्यांच्यामधून काठी फिरवलीय. खाली तू समजावून सांगितलं आहेस की प्रत्येक ठिपका म्हणजे एक व्यवहार, आणि रेघेपासून ठिपका जितका लांब तितकी 'त्रुटी' मोठी. म्हणजे माणसं रेघेवर बसली नाहीत ही माणसांची चूक. रेघेची कधीच नाही. एवढं शिकायला पुण्याला जावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मी गावच्या शाळेत मराठी चौथी झालो. तिथं रेघ चुकली की छडी रेघ ओढणाऱ्याला बसायची.

पण मी टिंगल करायला पत्र लिहीत नाही. ती जाता जाता होते आहे. मी शेवटच्या तक्त्यातल्या एका ओळीसाठी लिहितो आहे. 'वडगाव रासाई. विक्रेती विधवा. खिलार बैल एक. दर्शनी किंमत दोनशे, वास्तविक साडेतीनशे.' आणि पानाच्या तळाशी चांदणी काढून बारीक अक्षरात : 'येथे दर्शनी किंमत वास्तविक किमतीहून कमी आहे. असे दुसरे उदाहरण आढळले नाही. कारण अज्ञात.'

नाव छापलं नाहीस, ही फार मोठी सभ्यता. वडगावातल्या किती विधवांनी त्या उन्हाळ्यात खिलार बैल विकला असं तुला वाटतं?

आणि अज्ञात कुणाला, सत्तार? त्या दिवशी रुमालाखाली हात तुझा होता.

गेल्या वर्षी सुट्टीत आलास आणि म्हणालास, "भाई, तुमची तब्येत बरी नाही, यंदाचा उन्हाळा बाजारात मी बसतो." हमीदाला किती आनंद झाला होता. शिकलेलं पोरगं शेणात पाय घालायला लाजत नाही, म्हणून तिनं शेजारणीला बोलावून सांगितलं. लोकांनीही तुला जागा दिली. तुझ्या तोंडाकडे बघून नव्हे. एका बाजूनं विकणाऱ्यानं, दुसऱ्या बाजूनं घेणाऱ्यानं रुमालाखाली हात घालायचा, आपला भाव मधल्याच्या बोटांवर दाबायचा, आणि मधल्यानं जमलेल्या गर्दीसाठी तोंडानं दुसराच आकडा बोलायचा, हे आजोबांपासून आपल्या घराच्या हातावर चाललंय. तोंडचा भाव गावासाठी. त्यात विकणाऱ्याचा थोडा तोरा असतो, म्हणून तो मोठा. बोटांचा भाव त्या दोघांचा. मधला हात मुका. अब्बा म्हणायचे, हा हात आपण धुतो तो फक्त नमाजासाठी नाही.

मी पलीकडे लिंबाखाली तापात पडलो होतो, पण कान शाबूत होते. बैल विकायला आलेली शेवंताबाई तुझ्याकडे वाकली आणि म्हणाली, "धाकलं भाऊ, तोंडानं दोनशेच म्हना. दीर हुबा हाय तिकडं." तू मान हलवलीस आणि ओरडलास, "दोनशे!" छान ओरडलास. क्षणभर वाटलं, अब्बाच बोलले.

बोटांवर किती दाबलं गेलं हे मी तुला विचारलं नाही. ते मला आत्ता, तुझ्या तक्त्यातून कळलं. वडगावच्या न्हाव्याला माझ्याही आधी कळलं.

त्या वरच्या पैशांवर तिची मुलगी, नकुशी, जूनपासून पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला आहे. दिराला, मल्हारीला, सांगितलं होतं की सरकार फुकट शिकवतं. न्हाव्यानं मल्हारीची दाढी करता करता त्याला तुझी ओळ वाचून दाखवली. म्हणतात, तो अर्ध्या तोंडाचा साबण तसाच ठेवून उठला आणि भावजयीच्या दारात जाऊन उभा राहिला. घर अजून एकत्र आहे, तेव्हा बैल घरचा आणि पैसा घरचा, असं त्याचं म्हणणं. पैसा दे, नाहीतर पोरीला परत आण. त्याच्या मेव्हण्यानं पोरीसाठी एक बिजवर बघून ठेवला आहे.

दसऱ्यानंतर पंच बसणार आहेत. तू ये. खोटं बोल म्हणत नाही, मी ते कुणालाच म्हणत नाही. एवढंच सांग : 'मला जे हातात मिळालं ते छापायचा हक्क नव्हता. ते धरून न्याय करू नका.' तुझं ऐकतील. डॉक्टर आहेस.

तुझा भाई,
चांद


घोडनदी,
ता. ९ सप्टेंबर १९६३

सत्तारला दुआ.

टाईप केलेलं पत्र मिळालं. भावाला टाईप करून लिहिण्यात सोय आहे. हात कापला तरी अक्षरात दिसत नाही.

तू चार मुद्दे मांडले आहेस, क्रमानं उत्तर देतो. मला क्रम जमत नाही, सांभाळून घे.

तू लिहितोस, गावाचं नाव घालणं भाग होतं, कारण बाजारापासूनचं अंतर हे तुझ्या समीकरणातलं एक पद आहे. बरं. बैलाचे दात हे एक पद, उंची हे एक पद, विकणाऱ्याची जमीन हे एक पद, अंतर हे एक पद. शेवंताबाई कोणत्या पदात बसते ते मी दोनदा शोधलं.

तू लिहितोस, जे मोजता येत नाही ते शास्त्राच्या भाषेत अज्ञातच. म्हणजे कानात सांगितलेलं अज्ञात आणि बोटांवर दाबलेलं ज्ञात. बहिऱ्या माणसालाही एवढी सोय अल्लानं दिलेली नाही.

तू लिहितोस, सगळ्यांना सगळे भाव ठाऊक असले की बाजार निर्दोष चालतो, हे सिद्ध झालेलं आहे. असेल. जिथं कुणाचं काही झाकलेलं नाही असा बाजार कयामतच्या दिवशी भरणार आहे, माझाही विश्वास आहे. पण तिथं झाकण काढणारा जो आहे त्याच्यापुढं मान खाली घालता येते. तुझ्यापुढं का घालावी, हे तुझ्या समीकरणात आलेलं नाही.

तू असंही लिहितोस की रुमाल लबाड दलालांच्या पथ्यावर पडतो आणि अडलेला माणूस त्याखाली नागवला जातो. हे खरं आहे. शिरूरच्या बाजारात असे कोण आहेत हे मला ठाऊक आहे आणि लोकांनाही. त्यांच्यावर लिहायचं होतंस. पण त्यांनी तुला हात घालू दिला नसता. आपल्या घरानं दिला.

आणि शेवटी तुझं ते वाक्य, जे टाईपातही ठळक दिसतं. 'एका नोंदीने निष्कर्ष बदलत नाही.'

तिचा बदलतो.

जे तू लिहिलं नाहीस तेही मी वाचलं. पंचांपुढं येऊन मी सांगितलेलं वाक्य बोललास तर ते पुण्यापर्यंत जाईल. मग कुणीतरी विचारील, की डॉक्टरसाहेब, लोकांना न सांगता त्यांच्या बोटांवरचे आकडे कसे गोळा केलेत? आणि विलायतेची शिष्यवृत्ती अजून सहीला पडलेली आहे. तुझे प्राध्यापक ती ओळ गाळ म्हणाले होते, तू ठेवलीस, हे मोठ्या अभिमानानं सांगतोस. का ठेवलीस? खरं म्हणून? की वेगळी दिसते म्हणून? जत्रेत दोन तोंडांचं वासरू ठेवतात तशी?

हमीदा शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "उसकू लिखो, पंचायत में मत आ, घर कू आ. खाना खा के जा." तिचं तिनं सांगितलं, मी लिहिलं. माझं म्हणणं वेगळं आहे. पंचांत ये. जेवायचं नंतर बघू.

चांद


घोडनदी,
ता. ४ नोव्हेंबर १९६३

सत्तार,

तू आला नाहीस असं म्हणता येणार नाही. आलास, पण दौंडला. पंच वडगावात बसले त्याच दिवशी तू दौंडच्या व्यापाऱ्यांपुढं उघड लिलावावर व्याख्यान दिलंस. मधे भीमा होती हे मान्य. ती ओलांडायला एस.टी. असते.

तिथलं मला पोपटरावानं सांगितलं. वरवंडचा पोपटराव, शेवंताबाईचा बैल घेणारा. तो आपला ऊस सोडून मुद्दाम ऐकायला गेला होता. आल्यावर ओट्यावर बसला आणि म्हणाला, "चांदभाई, तुमचा धाकला लई ग्वाड बोलतो. मधाचं बोट. मी उठून इचारलं, सायेब, ह्ये रुमालाखालचं तुमास्नी कुनी सांगितलं? तर म्हनला, क्षेत्रीय पाहणी. म्हनलं, पाहनी कशाची? माझंच बोट धरून बसला हुता की तुम्ही!"

हॉल हसला म्हणे. तू पाणी प्यालास.

आता वडगावचं ऐक.

मारुतीच्या देवळापुढं बैठक होती. मी पायरीच्या खाली, पाराच्या कडेला बसलो. मधोमध सोपानआबा, म्हातारे झाले तरी पंच तेच. एका बाजूला मल्हारी, त्याच्या हातात तो अंक, साबण लागलेला. शेवंताबाई खांबाआड. पदर पुढं ओढलेला.

मल्हारीनं सुरुवातच माझ्यापासून केली. "चांदभाई, तुम्ही निमाजी मानूस. कुरानावर हात ठिवा आन् सांगा, बैल कितीला गेला?"

मी म्हटलं, "मल्हारीआबा, त्या दिवशी माझा हात नव्हता."

"पर तुमच्या घरचा हुता न्हवं?"

"घरचा होता."

"मंग घरच्याला ठावं हाय, तुमास्नी न्हाई? छापून आलंय! ह्ये छापल्यालं खरं का खोटं, येवढं सांगा. सादी गोष्ट हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं म्हणालो असतो तर बाई सुटली असती आणि मी अल्लाच्या घरी अडकलो असतो. खरं म्हणालो असतो तर रुमाल मीच फाडला असता. गप्प राहिलो असतो तर गप्प बसण्याचा अर्थ न्हाव्यालाही कळतो. पन्नाशीला आलो, एवढं अवघड मला कुणी विचारलं नव्हतं. आणि याचं उत्तर ज्यानं द्यायचं तो दौंडात टाळ्या घेत होता.

मी म्हटलं, "मल्हारीआबा, छापलंय ते खोटं असेल तर माझा भाऊ लबाड. खरं असेल तर माझा भाऊ चोर. यातलं कोणतं माझ्या तोंडून ऐकायचं ते तुम्ही सांगा, मी तेवढं बोलतो."

लोक हसले. सोपानआबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. एखाद्याच्या घरी मयत झालेली असावी आणि त्यानं आपणहून बोलायचं टाळावं, तेव्हा बघतात तसं.

मल्हारी काहीतरी बोलायला उठला तेवढ्यात खांबाआडून आवाज आला.

"त्या मानसाला कशाला छळता? मला इचारा की. बैल माझा, त्वांड माझं."

शेवंताबाई पुढं आली. पदर तसाच होता, पण आवाज पदराआड नव्हता.

"साडेतीनशे. तीन बोटं शेकड्याची आन् पंजा धाचा. तोंडानं म्या दोनशे बोलाया लावलं. का? तर तुम्ही हुबा हुता, भावजी. आन् तुम्ही कवा नुसतं हुबं ऱ्हात न्हाई."

कुणीतरी मागं खोकलं.

"बैल घरचा," मल्हारी म्हणाला.

"घरचा? माझ्या बापानं आंदन म्हनून कालवड दिली हुती, सोपानआबा. लग्नात तुम्हीच हुता. तिच्या पोटचा बैल त्यो. तिचं दूध तुमच्या घरानं प्यालं, त्याचं म्या काय मागितलं न्हाई. बैल इकला तवा दावं इकलं न्हाई, अजून खुंटीला हाय. बगायचं आसंल तर चला."

सोपानआबांनी तिला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "कालवड म्या बगितली हाय. पांढरी हुती, एक कान काळा. आंदनाच्या गाईचं वासरू सासरचं हुत न्हाई. पर चारा घरचा खाल्ला, त्याचं काय?" आणि मग बायकांच्या बाबतीत पंच जो न्याय देतात तोच दिला, अर्धा. पैसा तिचा, नकुशी पुण्यात राहील. चाऱ्याच्या बदल्यात घरातली दुभती म्हैस मल्हारीकडे, आणि चूल आजपासून वेगळी. जमिनीचं पुढं बघू, असं म्हणाले. पुढं बघू म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पडवीत एका कोपऱ्यात तिनं तीन दगड मांडले आहेत.

उठताना ती माझ्याजवळून गेली. मला वाटलं थांबेल. ती सरळ घराकडे गेली. मला ते बरोबर वाटलं.

तू मला पत्र पाठवू नकोस. निदान टाईप केलेलं.

चांद


घोडनदी,
ता. १२ जानेवारी १९६४

सत्तारला दुआ.

हातानं लिहिलेलं पत्र मिळालं. अक्षर बिघडलं आहे तुझं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली, ईदनंतर बोटीनं जाणार, आणि तिकडं प्रबंधाचं इंग्रजी पुस्तक निघणार, हे वाचलं. हमीदानं साखर वाटली. मी अडवलं नाही. तिला मूल झालं नाही, तुझी आजारपणं तिनंच काढली. तिचं आणि तुझं वेगळं आहे.

तुला बाजाराचं कळवायचं होतं. मागच्या बाजारी शेवंताबाई गोऱ्हा घेऊन आली, त्याच गाईचा शेवटचा. एकटीनं चालवत आणला होता. मी रुमाल टाकला तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्यो, चांदभाई. आता कुनापास्नं झाकायचं? बोला तोंडानं."

मी रुमाल आवरला. म्हटलं, "बाई, मला सवय नाही."

"मला तरी कुठं हुती?"

मग मी बोललो. जन्मात पहिल्यांदा तोंडानं खरा भाव ओरडलो. भर बाजारात अंगावरचा सदरा काढल्यासारखं झालं. घेणाऱ्यांनी चढ लावली आणि गोऱ्हा बरा गेला. कितीला, ते लिहीत नाही. सगळ्या बाजारानं ऐकलं आहे, त्यांच्यातल्या कुणालाही विचार. तुला मी सांगणार नाही.

आणि आता लगेच मनात आणू नकोस की तुझा सिद्धांत खरा ठरला. मला ठाऊक आहे, वाचता वाचता तुझा हात पेन्सिलीकडे गेला असेल. ती आपलं आपण बोलली. तू दुसऱ्याचं बोलून टाकलंस. हा फरक समजायला बीजगणित लागत नाही. तरी तुला लागत असेल तर एखादं अक्षर ठरव त्याच्यासाठी. ग्रीक.

बाकीचे अजून रुमालाखालीच हात घालतात. फक्त आधी एकदा माझ्या तोंडाकडे बघतात. पूर्वी बघत नव्हते. आपल्या घरानं कमावलेलं तू काय खर्च केलंस ते त्या बघण्यात आहे, आणि ते कुठल्याही तक्त्यात यायचं नाही, म्हणून तुझ्या दृष्टीनं काही गेलेलंच नाही.

तू विचारतोस, ईदला येऊ का. जाण्याआधी भेटायचं आहे म्हणतोस. पंचांना तुला यायला जमलं नाही, शेवयांना जमतंय. ठीक आहे.

रमजान तोंडावर आला आहे. त्या महिन्यात मनात राग ठेवू नये म्हणतात. मी रोज पहाटे तेवढ्यासाठी हात पसरतो, आणि रोज तुझी ती चांदणी काढलेली ओळ आठवते. म्हणून एक सांगतो. माफी मागू नकोस. ती मागायची तर वडगावच्या पडवीत, तीन दगडांपुढं बसून, आणि ते तुझ्याच्यानं होणार नाही, मी तुला ओळखतो. जे तुझ्या हातात आहे तेवढं कर. पुस्तक छापायला जाईल तेव्हा गावाचं नाव काढ. अंतराचं पद बिघडलं तर बिघडू दे, तुझी रेघ इतक्या माणसांवरून गेली आहे, एका गावानं मोडायची नाही. पण ओळ राहू दे. आता ती राहिली तरी चालेल, मी शेवंताबाईला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पर नीट लिव्हा म्हनावं."

तेव्हा 'कारण अज्ञात' हे खोड. तेवढं खोडून कागद मला दाखवायला आण, मग ईदला ये, हमीदा वाट बघते आहे. कारण ज्ञात आहे. तुला त्याच दिवशी कानात सांगितलं होतं. तीनच शब्द आहेत, पानाच्या तळाशी मावतील, आणि इंग्रजीत त्यांचं काय करायचं ते तुझं तू बघ.

दीर उभा होता.

चांद